अ‍ॅथलोन टाउन : शॅननकाठच्या एका फुटबॉल क्लबची गोष्ट

शॅननकाठ

आयर्लंडला आलो त्याला सहा वर्षं झाली. डब्लिनमध्ये घर परवडेना म्हणून अ‍ॅथलोनला आलो आणि मग इथलाच झालो. गाव बावीस-तेवीस हजार वस्तीचं. देशाच्या जवळपास मध्यात, शॅनन नदीच्या दोन्ही काठांवर. आयरिश भाषेत गावाच्या नावाचा अर्थ 'लूअनचा उतार'. उतार म्हणजे आपण कृष्णा-पंचगंगेच्या बाबतीत म्हणतो तोच, नदी पायी ओलांडता येते ती जागा. उतार आला की वाट आली, वाट आली की किल्ला आला, किल्ला आला की पलटण आली. फुटबॉल इथे रुजला तो पलटणीच्या सावलीत.

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. शाहू स्टेडियमवर वडिलांच्या खांद्यावर बसून सामने पाहिलेत. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्या मार्चमध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी गावच्या मैदानावर गेलो. तीन-चारशे माणसं असतील. गार वारा, हातात चहाचे कागदी कप. माझ्या शेजारी सत्तरीच्या पुढचे एक आजोबा उभे होते. मी परका आहे हे त्यांनी लगेच ओळखलं आणि पहिल्याच पाच मिनिटांत मला सांगितलं की आमच्या गावानं इटलीच्या एसी मिलानला शून्यावर रोखलं होतं, आणि खरं तर आम्ही जिंकायला हवं होतं.

मला वाटलं, म्हातारपणाची गोष्ट असेल. घरी येऊन शोधलं तर शब्द न् शब्द खरा. तेव्हापासून या क्लबचा इतिहास मिळेल तिथून वाचतोय. मराठीत यावर काहीच दिसलं नाही, म्हणून हा धागा.

अ‍ॅथलोन टाउनची स्थापना १८८७ ची. लीग ऑफ आयर्लंडमध्ये आज जे क्लब खेळतात त्यांत हा सर्वांत जुना. डब्लिनचा बोहेमियन्स १८९० चा, शेलबर्न १८९५ चा. राजधानीतल्या मोठ्या नावांच्या आधी या नदीकाठच्या गावात क्लब उभा राहिला होता.

आणि गंमत म्हणून नाही, मनापासून सांगतो : सगळे मिलानचा सामना विचारतात, पण मला या क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा भाग वाटतो तो लीगबाहेर काढलेल्या ४१ वर्षांचा. त्यावर पुढे लिहितो. आधी कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

डब्लिनकर

छान विषय. मी डब्लिनमध्ये आठ वर्षं आहे, पण स्थानिक फुटबॉल एकदाही पाहिलेला नाही. ऑफिसातले लोक एक तर लिव्हरपूल-मँचेस्टरबद्दल बोलतात, नाही तर गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या इथल्या देशी खेळांबद्दल. सॉकरचा गावचा क्लब असं म्हटलं की त्यांचा चेहरा कोरा होतो. असं का?

इतिहासवेडा

डब्लिनकर, याचं उत्तर मोठं आहे, थोडक्यात प्रयत्न करतो.

१८८४ साली थर्ल्स गावात जीएए, म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, स्थापन झाली. आपले खेळ आपण जपायचे हा तिचा मूळ हेतू. इंग्रजांकडून आलेले खेळ, म्हणजे सॉकर, रग्बी, क्रिकेट, हे परकीय मानले गेले. सॉकरला तर 'गॅरिसन गेम' असंच नाव पडलं, छावणीतला खेळ. पुढे नियमच झाला की जीएएच्या सभासदानं हे खेळ खेळायचे नाहीत, बघायलाही जायचं नाही. १९३८ साली देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड डब्लिनच्या डॅलीमाउंट पार्कवर आयर्लंड-पोलंड सामना बघायला गेले, तर जीएएनं त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. स्वतः आयरिश भाषेसाठी आयुष्य वेचलेला माणूस! ही बंदी १९७१ साली उठली.

आता विचार करा, अ‍ॅथलोनसारख्या गावात सॉकर खेळणं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांत एक बाजू घेणं होतं. त्या काळात ज्यांनी हा क्लब चालवला त्यांना मी मानतो.

हिंदुस्थानशी यात एक धागा आहे. छावणीबरोबर फुटबॉल पसरला हे आपल्याकडेही तसंच घडलं. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला आणि सुरुवातीला तो गोऱ्या पलटणींनीच जिंकला. त्या पलटणींमध्ये आयरिश शिपाईही भरपूर असत. कॉनॉट रेंजर्स ही पश्चिम आयर्लंडची पलटण. तिच्यातल्या शिपायांनी १९२० साली जालंधर आणि सोलनला बंड केलं, मायदेशात इंग्रज जे करत होते त्याच्या निषेधार्थ. त्यात जेम्स डेली या तरुणाला नोव्हेंबर १९२० मध्ये गोळ्या घातल्या. त्याचं कुटुंब टिरल्सपासचं, म्हणजे अ‍ॅथलोन ज्या वेस्टमीथ परगण्यात येतं त्याच परगण्यातलं. १९७० साली त्याचे अवशेष भारतातून तिकडे नेले.

शॅननकाठ

इतिहासवेडा, फार मोलाची भर. टिरल्सपास इथून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर. तिथलं स्मारक मी पाहिलंय.

आता १९२२ ते २४. तोवर आयर्लंडची फुटबॉल संघटना बेलफास्टमधून चालायची. १९२१ साली डब्लिनच्या लोकांनी वेगळी संघटना काढली, देशही त्याच सुमारास दोन तुकड्यांत विभागला गेला. नव्या लीगच्या पहिल्या हंगामात आठ संघ होते आणि आठही डब्लिनचे. दुसऱ्या हंगामात, १९२२-२३ ला, अ‍ॅथलोन आत आलं. डब्लिनबाहेरचा पहिला क्लब.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. १९२२ च्या उन्हाळ्यापासून पुढच्या वसंतापर्यंत देशात यादवी युद्ध चाललेलं. पूल उडवले जात होते, रेल्वे बंद पडत होत्या. आणि त्याच हंगामात एक छोटं गाव राजधानीच्या संघांशी खेळायला ये-जा करत होतं.

पुढच्याच वर्षी त्यांनी एफएआय कप, म्हणजे या नव्या संघटनेचा (एफएआयचा) कप, जिंकला. अंतिम सामना १७ मार्च १९२४, सेंट पॅट्रिक्स डे, डॅलीमाउंट पार्क. समोर कॉर्कचा फोर्डसन्स. अ‍ॅथलोन १, फोर्डसन्स ०. गोल डिनी हॅननचा. त्या संपूर्ण स्पर्धेत अ‍ॅथलोननं एकही गोल खाल्ला नाही.

त्याच उन्हाळ्यात पॅरिस ऑलिम्पिक झालं. आयरिश फ्री स्टेटचा संघ पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि त्यात अ‍ॅथलोनचे खेळाडू होते, हॅनन त्यांतला एक. बल्गेरियाला १-० हरवलं, मग नेदरलँड्सकडून जादा वेळेत २-१ हरले. नुकत्याच जन्मलेल्या देशाचा पहिला फुटबॉल संघ, आणि त्यात नदीकाठच्या या गावातली मुलं. इथल्या पबमध्ये मिलानची आठवण निघते तशी याची निघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

कॉर्कवाली

फोर्डसन्सचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी कॉर्कला असते. फोर्डसन्स म्हणजे फोर्डच्या ट्रॅक्टर कारखान्याच्या कामगारांचा संघ. हेन्री फोर्डचे वडील कॉर्क परगण्यातले, दुष्काळाच्या काळात अमेरिकेला गेलेले, म्हणून त्यानं कारखाना इथे काढला. 'फोर्डसन' हे ट्रॅक्टरचंच नाव. त्यांनी पुढे १९२६ ला कप जिंकला. डंडॉकचा संघही असाच, रेल्वेच्या कारखान्यातला, १९२६ ला लीगमध्ये आला. त्यामुळे मला प्रश्न पडतो तो असा : कॉर्कला कारखाना होता, डंडॉकला रेल्वे होती. अ‍ॅथलोनला मागे कोण होतं?

शॅननकाठ

ताई, तुम्ही बरोबर नस पकडलीत. कुणीच नव्हतं. गाव होतं. आणि गावाच्या खिशातून लीगचा संघ चालवणं १९२८ ला थांबलं. सहा हंगाम खेळून अ‍ॅथलोन लीगबाहेर गेलं.

तिथून ४१ वर्षं. १९६९ ला परत आत.

मी ज्याला सर्वांत मोठा भाग म्हणालो तो हाच. १९२४ चा कप बघायला गेलेला वीस वर्षांचा मुलगा क्लब परत लीगमध्ये आला तेव्हा पासष्ट वर्षांचा झाला असणार. त्याची मुलं, कदाचित नातवंडंही, लीगचा सामना गावात न बघता वाढली. पण १९२९ पासून क्लबकडे सेंट मेल्स पार्क नावाचं मैदान होतं, आणि ते राहिलं. मैदान राहिलं म्हणून क्लब राहिला, असं मला वाटतं. आपल्याकडे तालमीची इमारत राहिली तर तालीम राहते, तसंच.

पेठकरी

शॅननकाठ, मी शिवाजी पेठेतला, म्हणजे तुमच्या विरुद्ध बाजूचा, तरी लिहितो 🙂

तालमीचं उदाहरण पटलं. बाहेरच्यांना सांगायला लागतं की कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ काढले, म्हणून संघांची नावं पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी. संघ पेठेचा असतो. खेळाडू गल्लीतला असतो. सामना हरला की दुसऱ्या दिवशी तो दूध आणायला जाताना चार जण थांबवून विचारतात.

पण एक मतभेद. ४१ वर्षं क्लब नुसता तग धरून होता, त्यात सांगण्यासारखं काय? लोक मिलान विचारतात ते बरोबरच आहे. खेळात मोठ्याला भिडलेला दिवसच लक्षात राहतो. आता मिलानचं नीट सांगा, कधीपासून वाट बघतोय.

शॅननकाठ

सांगतो.

१९७४-७५ च्या हंगामात अ‍ॅथलोन लीगमध्ये दुसरं आलं, बोहेमियन्सच्या मागे. लीगमध्ये परत येऊन उणीपुरी सहा वर्षं झालेली. प्रशिक्षक अ‍ॅम्बी फोगार्टी. दुसऱ्या क्रमांकामुळे युएफा कपात, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, प्रवेश मिळाला. पहिल्या फेरीत ऑस्लोचा व्हॉलेरेंगा आला. घरी ३-१, तिकडे १-१. अ‍ॅथलोन पुढे.

दुसऱ्या फेरीत चिठ्ठी निघाली एसी मिलानची. तोवर दोनदा युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या लीगविजेत्यांची स्पर्धा, जिंकलेला क्लब. त्यांच्या प्रशिक्षकांत जोव्हानी त्रापात्तोनी होते, जे पुढे २००८ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचेच प्रशिक्षक झाले. गोलात एन्रिको अल्बर्तोसी, १९७० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेलेच्या ब्राझीलसमोर उभा राहिलेला इटलीचा गोलरक्षक.

२२ ऑक्टोबर १९७५, बुधवार. सेंट मेल्स पार्कवर नऊ हजार माणसं. आजोबा म्हणतात, गावात त्या दिवशी जागचं हलायला जागा नव्हती.

अ‍ॅथलोनचा रंग निळा-काळा. म्हणजे मिलानच्या हाडवैऱ्याचा, इंटरचा. इटलीहून आलेल्यांनी समोरचा संघ बघून काय म्हटलं असेल याचा मी नेहमी विचार करतो.

अ‍ॅथलोननं त्यांना गोल करू दिला नाही. एवढंच नाही, अ‍ॅथलोनला पेनल्टी मिळाली. जॉन मिनॉकनं मारली आणि अल्बर्तोसीनं अडवली. सामना ०-० सुटला.

दोन आठवड्यांनी ५ नोव्हेंबरला मिलानच्या मैदानावर, सान सिरोला. तिथेही तासभर मिलानला गोल सापडला नाही. तासाभरानंतर बांध फुटला, रोमिओ बेनेत्तीनं दोन मारले, एकूण ३-०.

आता पेठकरी, तुमचा मतभेद. तुम्ही म्हणता मोठ्याला भिडलेला दिवस लक्षात राहतो. मान्य. पण १९२८ नंतर कुणीतरी मैदानावरचं गवत कापत राहिलं म्हणून १९७५ ला मिलानला उभं राहायला जागा मिळाली. मी त्या गवत कापणाऱ्याची बाजू मांडतोय.

पेठकरी

हे वाक्य वाचून थांबलो. माझे आजोबा तालमीत हौद्यातली माती चाळायचे. त्यांचं नाव कुठल्याही कपावर नाही. मतभेद मागे घेत नाही, पण तुमचं म्हणणं पोचलं.

डब्लिनकर

एक शंका. मिलाननं सामना हलक्यात घेतला असेल का? मोठे संघ छोट्या गावात राखीव खेळाडू पाठवतात.

शॅननकाठ

अल्बर्तोसी खेळला यातच उत्तर आहे. दोन सामन्यांच्या फेरीत परगावच्या मैदानावर ०-० हा इटालियन क्लबला त्या काळी चांगला निकाल वाटायचा, हे मात्र खरं. बचाव करायचा, घरी जाऊन मारायचं. पण पेनल्टी सोडायला कुणी येत नाही.

गोलपोस्ट

मी स्वतः कॉलेजात आणि नंतर कंपनीच्या संघात गोलकीपर होतो, म्हणून राहवत नाही.

त्या सामन्यात अ‍ॅथलोनच्या गोलात मिक ओब्रायन होता. हा माणूस आयरिश फुटबॉलमध्ये वेगळ्याच कारणानं प्रसिद्ध आहे. १९७४ च्या एफएआय कपाच्या उपांत्य सामन्यात, डंडॉकच्या ओरिएल पार्कवर फिन हार्प्सविरुद्ध, तो आडव्या दांडीला लोंबकळला आणि दांडीच मोडली. दांड्या तेव्हा लाकडी. लोक अजून ते सांगून हसतात. मला मात्र त्याचा पुढचा भाग आवडतो : ज्याच्या नावावर मोडलेली दांडी होती तोच दीड वर्षानं मिलानसमोर नव्वद मिनिटं एकही गोल न खाता उभा राहिला. गोलकीपरला लोक एका चुकीसाठी लक्षात ठेवतात. त्याच्या बाबतीत निदान दुसरी गोष्टही लक्षात ठेवा.

आणि मिनॉकबद्दल. पेनल्टी चुकवलेल्या खेळाडूला गावात राहायला लागतं. मोठ्या शहरातला खेळाडू क्लब बदलून निघून जातो. गावात तोच रस्ता, तेच दुकान. शॅननकाठ, तिथले लोक त्याच्याबद्दल कसे बोलतात?

शॅननकाठ

प्रेमानं. याचं मला नवल वाटलं होतं. पेनल्टीची हळहळ आहे, पण तिच्यात राग नाही. आजोबा ती गोष्ट सांगतात तेव्हा 'आम्ही' पेनल्टी चुकवली असं म्हणतात. मिनॉकनं चुकवली असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

कॉर्कवाली

फिन हार्प्सचं नाव आलंय तर एक सांगते. तोही छोट्या गावाचा क्लब, डोनेगलमधलं बॅलीबोफे. अ‍ॅथलोनबरोबरच १९६९ ला लीगमध्ये आला. त्याच १९७४ ला त्यांनी कप जिंकला. त्यांचा ब्रेंडन ब्रॅडली लीगच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा, २३५.

आणि माझ्या जवळचं कोव्ह. जुनं नाव क्वीन्सटाउन, टायटॅनिकचं शेवटचं बंदर. तिथल्या कोव्ह रॅम्बलर्सकडे रॉय कीन खेळत होता. १९९० साली नॉटिंगहॅम फॉरेस्टनं त्याला ४७ हजार पौंडांना नेलं. तीन वर्षांनी तोच मँचेस्टर युनायटेडला पावणेचार मिलियन पौंडांना गेला. छोट्या क्लबांचं हे दुखणं आहे. पोर घडवायचं गावानं, आणि भाव यायचा पुढच्या दुकानात.

इतिहासवेडा

स्लायगोची एक गोष्ट याच्या उलटी आहे. १९३९ मध्ये एव्हर्टनचा डिक्सी डीन, ज्यानं इंग्लंडच्या लीगमध्ये एका हंगामात ६० गोल केले होते, कारकिर्दीच्या उतारावर स्लायगो रोव्हर्सकडे खेळायला आला. सात लीग सामन्यांत दहा गोल. कपाच्या अंतिम सामन्यातही एक. कप मात्र शेलबर्ननं फेरसामन्यात नेला. काही महिन्यांपुरता आलेला माणूस, पण तिथे अजून नाव निघतं.

डब्लिनकर

मिलाननंतर काय झालं? तिथेच गोष्ट संपली का?

शॅननकाठ

नाही, खरं तर मैदानावरचा सर्वांत चांगला काळ त्यानंतरचा. टर्लो ओकॉनर हा अ‍ॅथलोनचाच मुलगा, बोहेमियन्सकडून खेळून गाजलेला, आयर्लंडकडूनही खेळलेला. १९७९ ला तो खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी गावी परतला. १९८०-८१ ला अ‍ॅथलोन पहिल्यांदा लीगविजेता झालं. त्या हंगामात युजीन डेव्हिसचे २३ गोल, लीगमध्ये सर्वाधिक. १९८२-८३ ला पुन्हा विजेतेपद. याच काळात तीन लीग कप.

युरोपियन कपात कोपनहेगनच्या केबीशी तिकडे १-१, इथे २-२. हरले नाहीत, पण एकूण गोल सारखे झाले तर परगावी जास्त गोल केलेला संघ पुढे, या नियमावर बाहेर. १९८३ ला बेल्जियमचा स्टँडर्ड लिएज आला, घरी ३-२ असे थोडक्यात हरलो, तिकडे मात्र आठ गोल बसले.

'हरलो' असं लिहून गेलो. राहू द्या.

मग उतरण. १९८५ ला लीगचे दोन थर झाले, आणि काही वर्षांतच अ‍ॅथलोन खालच्या थरात गेलं. वर आलं, परत गेलं. १९९६ नंतर बराच काळ खालीच. २००७ मध्ये सेंट मेल्स पार्क सोडून लिसीवॉलनच्या नव्या मैदानावर आले. २०१३ ला खालचा थर जिंकून वर, आणि २०१४ ला लगेच खाली.

२०१७ वर्षाबद्दल लिहायला नको वाटतं, पण टाळलं तर खोटं होईल. त्या वर्षी एका सामन्याच्या निकालात फेरफार झाल्याच्या संशयावरून चौकशी झाली आणि क्लबच्या दोन खेळाडूंवर एफएआयनं वर्षभराची बंदी घातली. दोघेही बाहेरून आलेले होते. गावातल्या माणसाला याचा किती त्रास झाला असेल ते तुम्हीच समजा. तिकीट काढून, पावसात उभं राहून बघितलेला सामना खरा होता की नाही, असा प्रश्न पडणं. मी तेव्हा इथे नव्हतो, पण आजोबा त्या वर्षाबद्दल बोलत नाहीत. विचारलं की विषय बदलतात.

गोलपोस्ट

हे वाचून पोटात तुटलं. हरण्याचं दुःख परवडतं.

रानजाई

मी इथे बहुतेक फक्त वाचते, पण या धाग्यावर लिहायलाच हवं. शॅननकाठ, तुम्ही महिला संघाबद्दल काहीच लिहिलं नाहीत!

अ‍ॅथलोनचा महिला संघ २०२० मध्ये राष्ट्रीय लीगमध्ये आला. २०२२ ला कपाच्या अंतिम सामन्यात हरला. २०२३ ला परत अंतिम सामन्यात, परत समोर शेलबर्न, आणि या वेळी पेनल्टीवर जिंकला. २०२४ ला लीग जिंकली. पुरुषांच्या संघाला १९८३ नंतर जे जमलं नाही ते या मुलींनी चार-पाच वर्षांत केलं. लीग जिंकल्यामुळे चॅम्पियन्स लीगचं दारही उघडलं.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. आम्ही मलिंगारला राहतो, अ‍ॅथलोनपासून पन्नासेक किलोमीटर. तिला मी सामन्याला नेते. मिलान वगैरे तिला काही माहीत नाही. तिच्या दृष्टीनं अ‍ॅथलोन टाउन म्हणजे या मुलीच.

शॅननकाठ

रानजाई, चूक कबूल. शेवटच्या भागासाठी राखून ठेवलं होतं, पण शेवटी ठेवायची ती गोष्टच नव्हती. ज्या गावानं १९७५ ला पेनल्टी हुकवली त्या गावानं २०२३ ला पेनल्टीवरच कप जिंकला, हे तर पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. मीही त्या मुलींचे सामने बघतो. गर्दी कमी असते, पण तिथे लहान मुली इतक्या दिसतात की पुरुषांच्या सामन्यांत मी तशा कधी पाहिल्या नाहीत.

पेठकरी

कोल्हापुरातही सामन्याला बायका-पोरी येतात, आणि घरातल्या सगळ्यांना खेळाडूंची नावं पाठ असतात. पण पेठेच्या नावानं मुलींचा संघ असाच गाजायला पाहिजे, असं हे वाचून वाटलं. आमच्या मंडळात हा विषय काढतो.

क्लब चालतो कशावर, ते सांगाल का? आमच्याकडे वर्गणी, देणगीदार आणि तिकीट.

शॅननकाठ

जवळजवळ तेच. तिकीट, स्थानिक दुकानांचे फलक, आणि लॉटरी. इथे बहुतेक छोट्या क्लबांची आठवड्याची लॉटरी असते. दोन-पाच युरोंचं तिकीट, लोक बक्षिसासाठी घेत नाहीत, क्लबसाठी घेतात. बाकी सगळं स्वयंसेवकांवर. दारावर तिकीट फाडणारा, चहा करणारी, सामन्यानंतर खुर्च्या गोळा करणारे, कुणालाच पगार नाही. गेल्या वर्षीपासून मीही जातो. खुर्च्या गोळा करतो.

डब्लिनकर

पुढच्या महिन्यात एखाद्या सामन्याला यायचंय. कसं यायचं?

शॅननकाठ

ह्यूस्टन स्टेशनवरून गॉलवेची गाडी धरा, दीड तासात अ‍ॅथलोन. गाडी उजेडात यायला हवी, म्हणजे आधी गाव फिरता येईल. किल्ला बघा, पुलावर उभं राहून नदी बघा. मैदान स्टेशनपासून चालत जाण्याजोगं. पुरुषांचे सामने बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी असतात, परतीची गाडी आधी बघून ठेवा, नाही तर आमच्याकडे राहा. जेवायला तांबडा-पांढरा करतो. रानजाई, तुम्ही आणि लेक पण या.

डब्लिनकर

येतोच. आजोबांनाही भेटायचंय.

शॅननकाठ

काल सामन्याच्या वेळी त्यांना सांगितलं की भारतातले, आयर्लंडमधले बरेच जण तुमच्या मिलानच्या सामन्यावर चर्चा करतायत. कोल्हापूर नावाच्या माझ्या गावातलेही. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, तुमच्या गावाला नदी आहे का?

फोनवर पंचगंगा घाटाचा फोटो काढून दाखवला. चष्मा वर करून त्यांनी तो नीट बघितला आणि विचारलं, मैदान कुठल्या काठाला?